रक्तदाबमापकाची परीक्षा

बाजारात मासळी घेताना काटा शून्यावर आहे की नाही, हे घोडबंदरातील प्रत्येक गृहिणी आधी पाहते. रुग्णालयात मात्र दंडाला पट्टी बांधून यंत्राने दाखविलेला आकडा आपण निमूटपणे स्वीकारतो. वास्तविक याच आकड्यावर आयुष्यभराचे औषध अवलंबून असते. उच्च रक्तदाबाची सीमा सामान्यतः १४०/९० धरतात. सीमेजवळ यंत्र पाच-सहा अंकांनी चुकले, तर निरोगी माणूस रुग्ण ठरतो किंवा खरा रुग्ण औषधावाचून घरी परततो. म्हणून या मापकाचीच परीक्षा कशी घेतात, ते आपण येथे पाहू.

इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडपट्टी व पाऱ्याची नळी असलेले मापक तयार केले. १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉव्ह यांनी धमनीतील ध्वनी स्टेथोस्कोपने ऐकून वरचा व खालचा दाब ओळखण्याची रीत सांगितली. पारा विषारी असल्याने मिनामाता करारानुसार ही मापके मागे पडत असून त्यांची जागा स्वयंचलित यंत्रे घेत आहेत. ही यंत्रे बहुधा ध्वनी ऐकत नाहीत. पट्टीतील हवेत उमटणारी धमनीची स्पंदने टिपून, उत्पादकाने बसविलेल्या गणिताने ती दोन्ही आकडे काढतात.

त्यामुळे परीक्षा दोन प्रकारची असावी लागते. पहिली, प्रत्येक यंत्राची. पट्टी कठीण नळकांड्याभोवती गुंडाळून, तीन तोंडांच्या जोडनळीने यंत्र प्रमाणित दाबमापकाला जोडतात आणि ५०, १००, १५०, २०० अशा दाबांवर दोहोंचे आकडे ताडून पाहतात. फरक ३ मिलिमीटरच्या आत असावा. ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

परंतु नळकांड्याला नाडी नसते. दाब अचूक मोजणारे यंत्र गणितात चुकू शकते. म्हणून दुसरी परीक्षा माणसांवर, यंत्राच्या प्रत्येक नमुन्याची होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ८५ व्यक्तींचा रक्तदाब दोन प्रशिक्षित निरीक्षक, एकमेकांचा आकडा न पाहता, ऐकून मोजतात. त्यांच्याशी यंत्राच्या आकड्यांची तुलना करतात. सरासरी फरक ५ मिलिमीटरहून आणि त्या फरकांचे प्रमाण विचलन ८ मिलिमीटरहून अधिक नसावे. नाडी अनियमित असेल, तर अशा यंत्रावर विसंबू नये.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. तेथील ग्रामीण आरोग्य केंद्रांत परिचारिकेच्या हातातील यंत्र अचूक असणे किती मोलाचे, हे सांगावयास नको.

यंत्र उत्तम असूनही पट्टी दंडास आखूड पडली, तर आकडा वाढतो. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर तो सुमारे आठ अंकांनी चढतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे आरोग्यसेवेत जातील, त्यांनी यंत्र हाती घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: या नमुन्याची परीक्षा माणसांवर झाली आहे काय? आणि हे यंत्र शेवटचे केव्हा तपासले?