तिकिटावरचे सहा तास

परतीचं तिकीट हातात घेऊन सासूबाईंनी जाहीर केलं, "येताना सहाच तासांत दिल्ली!" टोकियोहून निघायचं सकाळी साडेअकराला, पोचायचं संध्याकाळी साडेपाचला. वाचणाऱ्याचा काय दोष? तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. खरा प्रवास साडेनऊ तासांचा. जाताना याच्या उलट. रात्री आठ ते सकाळी सव्वासात म्हणजे सव्वाअकरा तास वाटतात, विमान पोचतं पावणेआठ तासांत. लांबची खेप कागदावर आखूड दिसते ती अशी.

सरळ हवाई अंतर दोन्ही वेळा तेच, साधारण ५,८५० किलोमीटर. फरक पाडतो तो वारा. वर, विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याला फार जोर असतो; कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, पण अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत. मग वाचणार कोण! त्यात विमानं सहसा तिबेटचं पठार टाळून जातात. आतला हवेचा दाब गेला तर तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे.

आमच्या एजंटाने पुण्याचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं होतं, दिल्लीत मध्ये जेमतेम दोन तास ठेवून. समोरच्या वाऱ्याने विमानाला उशीर झाला, इमिग्रेशनला रांग, मग सामान घ्या, कस्टम्समधून बाहेर पडा, पुन्हा चेक-इन करा. आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो, पैसे बुडाले. वर सासूबाईंच्या इन्सुलिनच्या वेळेचा गोंधळ झाला तो वेगळाच.

म्हणून तिकीट काढताना 'एकूण कालावधी' हा रकाना बघावा, निघण्या-पोचण्याच्या वेळांची वजाबाकी करत बसू नये. शक्यतो घरापर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करणं मग कंपनीकडे येतं. वेगळीच तिकिटं घ्यायची असली तर मध्ये निदान पाच तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, तेव्हा मी तर सरळ मुक्कामच करीन. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून जातानाचं आणि येतानाचं वेळापत्रक वेगवेगळं लिहून घ्यावं. औषध हातातल्या पिशवीत ठेवावं, सामानात नको.

आणि टोकियोला विमानतळ दोन आहेत. हानेदा शहरालगत, नारिता सुमारे ६० किलोमीटर लांब. नारिताचं तिकीट चार पैसे स्वस्त दिसतं, पण रात्री उशिरा उतरलात तर शहरात जाणाऱ्या गाड्या बंद झालेल्या असतात आणि टॅक्सीत ती बचत सहज जाते.