बूट आधी, बाइंडिंग मागून

ओंकार शिकायला व्हँकुव्हरला आला आणि पहिला हिवाळा त्याने भाड्याच्या सामानावर स्नोबोर्डिंग केलं. यंदा त्याला स्वतःचं सामान घ्यायचं आहे. त्याची आत्या बरीच वर्षं तिथेच राहते, आणि बर्फ पडला की तिचे शनिवार-रविवार सायप्रस माउंटनवर जातात. 2010च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्नोबोर्डिंगच्या स्पर्धा जिथे झाल्या, तोच हा डोंगर.

ओंकार : आत्या, बोर्ड मित्राकडून मिळाला. आता बाइंडिंगचं सांग. कडक घेऊ की मऊ?

आत्या : बूट घेतलेस?

ओंकार : ते सावकाश घेईन. बाइंडिंगवर सध्या सूट आहे.

आत्या : सूट असू दे. बाइंडिंग तुझ्या पायाला नाही, बुटाला बसायला हवं. आणि एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे बूट बाहेरून सारखे नसतात. एखादा चांगलाच जाडजूड निघतो. म्हणून बूट घेऊनच दुकानात जायचं आणि बाइंडिंगमध्ये घालून बघायचा. टाच मागच्या कमानीत पूर्ण टेकली पाहिजे. घोट्यावरचा पट्टा आवळल्यावर त्याची गादी बुटाच्या मधोमध यायला हवी. ती एका बाजूला सरकली, तर पट्ट्याची लांबी बदलून बघायची. तरीही सरकत असेल तर साइझ चुकलाय.

ओंकार : थोडं सैल असलं तर काय बिघडतं?

आत्या : बोर्ड उशिरा ऐकतो. टाचेच्या कडेवर वळताना तुझी पोटरी मागच्या उभ्या पाठीवर, म्हणजे हायबॅकवर रेलते आणि तो जोर कडेपर्यंत पोचतो. चवड्याच्या कडेवर वळताना हेच काम घोट्यावरचा पट्टा करतो. बूट आत हलत असेल, तर तुझा निम्मा जोर ती पोकळी भरण्यातच जातो. मग माणूस पट्टे करकचून आवळतो आणि दुपारपर्यंत पाय बधिर होतात. नवशिक्यांना वाटतं की आपल्यालाच जमत नाही, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

ओंकार : आणि ते 1 ते 10 आकडे?

आत्या : तो फ्लेक्स, म्हणजे किती ताठ ते. पण हे मोजमाप सगळ्या कंपन्यांचं एक नसतं. एकीचा 5 दुसरीच्या 6 सारखा वाटू शकतो. फार ताठ बाइंडिंगवर पायाची बारीकशी चूकही बोर्डपर्यंत पोचते. वेगाने, उभ्या उतारावर जाणाऱ्याला तेच हवं असतं. तू वळणं पक्की करतोयस, तुला मऊ ते मध्यम पुरे. बूट आणि बोर्डही त्याच जातीचे असू देत.

ओंकार : पट्ट्यांपेक्षा स्टेप ऑन बरं नाही का? पाय ठेवला की खट्‌कन बसतं.

आत्या : लिफ्टवरून उतरल्यावर बर्फात बसावं लागत नाही, हे सुख खरंच आहे. बर्टन कंपनीने ते 2017 साली बाजारात आणलं. पण त्याला खास बूट लागतात. चवड्याच्या दोन बाजूंना आणि टाचेला अडकवायचे खटके त्या बुटातच असतात. म्हणजे बूट पसंत पडला नाही, तर विषय तिथेच संपला. शिवाय भुसभुशीत बर्फ तळाशी दाबून बसला, तर आधी तो साफ करावा लागतो.

ओंकार : कुठलंही बाइंडिंग माझ्या बोर्डवर बसेल?

आत्या : बोर्ड पालथा नको घालूस, वरूनच बघ. भोकं आहेत की दोन लांब खाचा?

ओंकार : भोकं. दोन-दोनच्या ओळी.

आत्या : मग बहुतेक बाइंडिंग्ज मधल्या डिस्कने बसतील. खाचा असत्या, तर डिस्क त्यांना चालते का ते विचारावं लागलं असतं. बर्टनची ईएसटी बाइंडिंग्ज मात्र तुला चालणार नाहीत, ती फक्त खाचांच्याच बोर्डवर बसतात. बसवताना बुटाचा चवडा आणि टाच दोन्ही कडांबाहेर सारखेच आले पाहिजेत. एकीकडे जास्त आलं, तर वळताना बूट बर्फाला घासतो आणि कड सुटते. पुढचा पाय साधारण 15 अंश पुढे वळवून ठेव; मागचा शून्यावर किंवा थोडा उलट्या दिशेला. गुडघा बोटांच्या दिशेने सहज वाकला, की कोन बरोबर.

ओंकार : पडलो तर स्कीसारखं बाइंडिंग आपोआप सुटेल ना?

आत्या : नाही, आणि हे नीट लक्षात ठेव. स्कीमध्ये दोन पाय दोन पट्ट्यांवर असतात. एक पट्टी अडकली तर गुडघा पिळवटतो, म्हणून ती सुटते. इथे दोन्ही पाय एकाच बोर्डला जखडलेले असतात. खटका तुलाच उघडावा लागतो. म्हणून दुकानात हातमोजे घालून उघडून बघ. इथल्या सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याशी फांद्यांखाली पोकळी राहते, वरून दिसत नाही. तीत माणूस डोक्यावर गेला तर खटक्यापर्यंत हात पोचतोच असं नाही. त्या झाडांपासून लांब राहायचं आणि जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही.

ओंकार : मग जुनं वापरलेलं घेऊ की नवं?

आत्या : जुनं चालेल, पण दात्यांच्या पट्ट्या झिजलेल्या नकोत, आणि डिस्कभोवती तडा दिसला तर हातही लावू नकोस. कुठलंही घे, पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे. नवे बसवलेले स्क्रू थोडे ढिले पडतातच.