बियाणेही तपासावे



आज थोडे अवघड बोलायचे आहे. लाजेपायी ही गोष्ट आपण बोलत नाही. पण न बोलल्यामुळे कितीतरी घरांत निरपराध बाईचे हाल होतात. म्हणून बोललेच पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. चौथीत त्याची शाळा सुटली. पुढे तो गुऱ्हाळावर लागला. चुलवाणात जाळ घालायचे काम. रात्रीच्या वर्गाला मात्र नेमाने येई. लग्नाला पाच वर्षे झाली, तरी पाळणा हलला नाही. एके दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "गुर्जी, सून वांझ निघाली. पोराचं दुसरं लगीन करावं म्हनते. तुमी त्याला चार शब्द सांगा."

मी म्हटले, "वहिनी, पहिली बायको नांदत असता दुसरे लग्न करणे हा गुन्हा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते रद्द ठरते. पण ते राहू द्या. पेरलेले उगवले नाही, तर नुसती जमीनच बघता, की बियाणेही तपासता?"

"बियानं बी बघतो की," त्या म्हणाल्या. आणि गप्प झाल्या.

आता नीट समजून घ्या. पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हॉलंडच्या लेवेनहूक याने १६७७ साली ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले. शुक्रजंतूला डोके असते आणि लांब शेपूट असते. शेपूट हलवत तो पोहतो. गर्भाशयातून पुढे नळीपर्यंत त्याला जावे लागते. तिथे स्त्रीबीजाशी गाठ पडली, तर गर्भ राहतो. म्हणून शुक्रजंतू नुसते असून भागत नाही. त्यांना चाल हवी.

पेरणीआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो. किती उगवले ते मोजतो. वीर्याची तपासणीही तशीच. १०० शुक्रजंतूंमागे किती पुढे पोहतात, किती जागच्या जागी वळवळतात, किती निश्चल आहेत, हे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात याची खालची रेषा दिली आहे. १०० पैकी निदान ३० पुढे पोहणारे हवेत. हलणारे एकंदर ४२ हवेत.

पण रेषेखाली गेले म्हणजे सारे संपले असे नाही. वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले, अशा पुरुषांच्या तपासणीवरून ही रेषा काढली आहे. त्यांच्यातही १०० पैकी सुमारे ५ जण या रेषेच्या खालीच होते.

चाल मंद का होते? कारणे अनेक. वृषणाला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते. म्हणूनच निसर्गाने ते शरीराबाहेर ठेवले. सततची धग त्यांना बाधते. वृषणाजवळच्या शिरा फुगल्या, तर दोष येतो. मोठा ताप, जंतुसंसर्ग, तंबाखू, विडी, दारू यांनीही हानी होते. शरीर कमावण्यासाठी काही तरुण संप्रेरकांची इंजेक्शने घेतात. त्याने शुक्रजंतू बनणेच थांबू शकते. कधी कधी कारण सापडतही नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. चाल मंद असणे आणि नामर्दपणा यांचा संबंध नाही. संबंध नीट होतो, वीर्यही नेहमीसारखे दिसते, तरी दोष असू शकतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असते.

माझा विद्यार्थी आधी बिचकला. मग बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. सुनेच्या तपासण्यांत दोष निघाला नाही. याचा कागद आला. कागद इंग्रजीत होता. पण आकडे त्याला आता वाचता येत होते. माझ्यासमोर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, हितं ३० पायजेत. माझे १२ हायेत." त्याचे डोळे भरून आले. मी म्हटले, "अरे, हा निकाल नाही. ही सुरुवात आहे."

नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. म्हणून बदलाचे फळ लगेच दिसत नाही. एका तपासणीवर भरवसाही ठेवू नये. दोन ते सात दिवस संबंध टाळून पुन्हा तपासावे. त्याने तंबाखू सोडली. मालकाला सांगून जाळाचे काम सोडले आणि ढेपा बांधायचे घेतले. तीन महिन्यांनी १२ चे २४ झाले. रेषेच्या खालीच, पण वाढले. उपचार चालू आहेत.

पुढेही वाटा आहेत. चांगले शुक्रजंतू निवडून नळीने गर्भाशयात सोडतात. नाहीतर शरीराबाहेर गर्भ तयार करतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने असे बाळ जन्मले. एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची रीतही आहे. या रीतीची पहिली बाळे १९९२ साली जन्मली. मात्र खर्च मोठा असतो, आणि यश दर वेळी येतेच असे नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या केंद्रातच जावे. ताकदीच्या पुड्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नये.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. बायको पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच जावे.

त्या घरात मूल अजून झालेले नाही. पण परवा त्याची आई वाटेत भेटली. मी सुनेची चौकशी केली. म्हणाली, "बरी हाय. दोघं मिळून दवाखान्यात गेल्यात." वांझ हा शब्द त्या घरात आता कोणी उच्चारत नाही.

प्रश्न
१. मूल होत नसेल, तर तपासणी कुणाची करावी? का?
२. १०० शुक्रजंतूंपैकी निदान किती पुढे पोहणारे हवेत?
३. बदलाचे फळ दिसायला तीन महिने का लागतात?
४. तुमच्या गावात एखाद्या बाईला वांझ म्हटले, तर तुम्ही काय सांगाल? चार ओळी लिहा.