काळे आधी की कावळे? : संदर्भसूचीच्या शंका

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की संदर्भसूचीविषयीची पत्रं वाढतात. या वेळची निवडक पत्रं लाटेकमध्ये काम करणाऱ्यांची आहेत. आज्ञा, पर्याय आणि रकान्यांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टंकायची.

शंका : मराठी साहित्यावरचा प्रबंध झीलाटेकमध्ये लिहिते आहे. सूचीसाठी बिबटेकची ‘अ‍ॅब्रव्ह’ शैली घेतली, तर लेखकांच्या आद्याक्षरांच्या जागी विचित्र खुणा येतात. ‘प्लेन’ घेतली तर नावं नीट येतात, पण काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी जाऊन बसतात. मराठी पुस्तकाच्या नोंदीतही ‘एट अल.’ छापलं जातं, ते वेगळंच. मार्गदर्शक म्हणतात, हातानं दुरुस्त कर. करू का?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

समाधान : हातानं मुळीच करू नका. तयार झालेल्या सूचीच्या फाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी बिबटेक चालवलं की पुसली जाते, आणि प्रबंध सादर होईपर्यंत ते शंभरदा चालवावं लागतं.

तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ओरेन पताश्निक यांनी बिबटेक १९८५ च्या सुमाराला लिहिलं. त्या काळाप्रमाणे ते एका बाइटला एक अक्षर समजतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘अ‍ॅब्रव्ह’ शैली नावाचं पहिलं अक्षर म्हणून पहिला बाइट तेवढा उचलते. एक तृतीयांश अक्षर छापता येत नाही, म्हणून त्या खुणा.

क्रमाचंही तसंच. बिबटेक बाइटांची तुलना करतं, म्हणजे युनिकोडच्या तक्त्यातला क्रम पाळतं. त्या तक्त्यात ‘ळ’ हे ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी आहे. आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. त्यामुळे कावळे, कासार, काळे हा आपला क्रम उलटून काळे पुढे येतात. ही बाब क्षुल्लक समजू नका. सूची चाळणारा माणूस नाव जिथे असायला हवं तिथे पाहतो, तिथे ते नसलं की ‘हे पुस्तक यांनी वाचलेलंच नाही’ असं धरून पान उलटतो.

यावर उपाय म्हणजे बिबटेक सोडून बिबलाटेक आणि बीबर ही जोडी घ्या. बिबलाटेक ही फिलिप लेमान यांनी सुरू केलेली आज्ञावली. बीबर हा तिच्यासाठी फ्रांस्वा शारेत आणि फिलिप काइम यांनी पर्ल भाषेत लिहिलेला, युनिकोड पूर्ण जाणणारा प्रोग्राम. बिबलाटेक पॅकेज बोलावताना ‘बॅकएंड’ला बीबर द्या आणि ‘सॉर्टलोकेल’ला मराठीचा संकेत, म्हणजे एमआर, खालची रेघ, आयएन. एवढ्यानं ‘ळ’ आपल्या जागी जातो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ त्याच्याही नंतर. क्षीरसागर मात्र सूचीच्या शेवटी दिसतील, हे मार्गदर्शकांना आधीच सांगून ठेवा. जुन्या फाइलमधल्या नोंदी जशाच्या तशा चालतात, पुन्हा टंकाव्या लागत नाहीत.

आद्याक्षरांचं काम बीबरवरही सोडू नका. ‘श्रीपाद’चं आद्याक्षर आपल्याला ‘श्री.’ हवं असतं, ‘श्’ नव्हे. जोडाक्षर कुठे तोडायचं हा निर्णय माणसानंच घ्यावा. बीबरमध्ये लेखकाचं नाव भाग पाडून देता येतं : ‘फॅमिली’मध्ये आडनाव, ‘गिव्हन’मध्ये नाव आणि ‘गिव्हन-आय’मध्ये तुम्हाला हवं ते आद्याक्षर. अशी जोडाक्षरी नावं सूचीत थोडीच असतात, तेवढ्या नोंदी हातानं भरा.

‘एट अल.’चा प्रश्न भाषेचा आहे. बिबलाटेकच्या ताज्या आवृत्तीत मराठी शब्दांची फाइल आहे. त्यातला शब्द पटला नाही तर ‘डिफाइनबिब्लिओग्राफीस्ट्रिंग्ज’ या आज्ञेनं ‘अँडअदर्स’ची जागा ‘व इतर’ला द्या. मग प्रत्येक नोंदीत ‘लँगआयडी’ हा रकाना भरा, मराठी किंवा इंग्रजी, आणि पॅकेजच्या ‘ऑटोलँग’ पर्यायाला ‘अदर’ द्या, म्हणजे सूचीत मराठी पुस्तकाला ‘व इतर’ आणि इंग्रजी पुस्तकाला ‘एट अल.’ मिळेल. दोन्ही भाषांच्या सूची वेगळ्या छापायच्या असतील तर नोंदींना ‘कीवर्ड्स’ द्या आणि सूची छापण्याची आज्ञा दोनदा लिहून दर वेळी एकच कीवर्ड मागा. मराठी प्रबंधाला ही मांडणी सर्वांत शोभते असं माझं मत आहे.

शंका : संस्थेच्या जुन्या प्रकाशनांची सूची करतो आहे. ‘महाराष्ट्र साहित्य परिषद’ हे लेखक म्हणून दिलं तर ‘परिषद, महाराष्ट्र साहित्य’ असं छापलं जातं. दोन लेखकांमध्ये ‘आणि’ लिहिलं तर दोघांचा मिळून एकच लेखक होतो. आणि ज्या पुस्तकांवर फक्त शके आहे त्यांचं काय करावं?
— ग्रंथपाल, फोंडा

समाधान : स्वल्पविराम नसेल तर यंत्र शेवटचा शब्द आडनाव मानतं. ‘केशव नारायण काळे’ला हा नियम बरोबर लागू पडतो, संस्थेला पडत नाही. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवा, म्हणजे ते फोडलं जाणार नाही. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘कै.’ ही बिरुदं नोंदीत घेऊच नका; ती नावाचा भाग बनून सूचीभर हिंडतात.

दोन लेखकांच्या मधला शब्द मात्र रोमन लिपीतला इंग्रजी ‘अँड’च असला पाहिजे, नावं देवनागरीत असली तरी. तो छापण्याचा मजकूर नसून यंत्रासाठीची खूण आहे. छापताना तिथे ‘आणि’ येईल की ‘व’, हे भाषेची फाइल ठरवते.

शके १८१२ हे थेट तारखेच्या रकान्यात घातलंत तर पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाऊन पडेल. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महिना ठाऊक नसेल तर ‘डेट’मध्ये १८९० इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे क्रम नीट लागेल, आणि ‘अ‍ॅडेंडम’ या रकान्यात ‘मुखपृष्ठावर शके १८१२’ असं लिहा. तो मजकूर नोंदीच्या शेवटी छापला जातो. मूळ पुस्तकावर जे आहे ते वाचकाला दिसलंच पाहिजे. नाहीतर उद्या कोणी ग्रंथालयात १८९० सालचं पुस्तक मागेल आणि ते मिळणार नाही.

शंका : बिबलाटेकच्या ‘न्यूमरिक’ शैलीत नियतकालिकाच्या नावाआधी ‘इन:’ येतं आणि लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत येतं. विभागाला दोन्ही नको आहे. शीर्षकाची आज्ञा लिहून पाहिली, काहीच बदललं नाही.
— भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, नागपूर

समाधान : ‘इन:’ काढायला मॅक्रो नव्यानं लिहिण्याचे सल्ले खूप मिळतील. त्यापेक्षा ‘बिबलाटेक-एक्स्ट’ हे पॅकेज बसवा, ‘न्यूमरिक’ऐवजी ‘एक्स्ट-न्यूमरिक’ शैली घ्या आणि ‘आर्टिकलइन’ला ‘फॉल्स’ द्या. लेखांपुढचं ‘इन:’ जातं आणि संपादित ग्रंथातल्या प्रकरणांपुढे, जिथे ते हवं असतं, तिथे राहतं.

शीर्षकाच्या बाबतीत तुम्ही बहुधा ‘डिक्लेअरफील्डफॉरमॅट’ ही आज्ञा सर्वसाधारण ‘टायटल’साठी दिली. मूळ शैलीनं लेखासाठी खास नियम केलेला असतो, आणि खास नियमापुढे सर्वसाधारण नियम चालत नाही. आज्ञेनंतर चौकटी कंसात ‘आर्टिकल’ लिहा. सगळ्याच प्रकारांची अवतरणचिन्हं घालवायची असतील तर आज्ञेच्या नावाच्या शेवटी तारा लावा. मग खास नियम रद्द होतात.

शंका : परदेशी नियतकालिकानं स्वतःची बीएसटी फाइल, म्हणजे बिबटेकच्या शैलीची फाइल, दिली आहे. तिच्यात वर्षाची जागा मला खटकते. बदलू का?
— संशोधक, पुणे

समाधान : नको. तो निर्णय संपादकांचा आहे आणि छपाईच्या वेळी ते आपलीच फाइल वापरतील. शिवाय बीएसटीची भाषा चळतीवर (स्टॅकवर) चालते, आधी पदं आणि मग क्रिया, त्यामुळे एक ओळ हलवली की दुसरीकडचा स्वल्पविराम बिघडतो. नियतकालिक बिबटेक मागतं पण शैली देत नाही, अशी वेळ आली तर पॅट्रिक डेली यांचं ‘मेकबीएसटी’ चालवा. ते एकेक प्रश्न विचारत जातं आणि उत्तरांवरून बीएसटी तयार करून देतं. पाठवण्याआधी एकच पाहा : इंग्रजी शीर्षकांतली विशेषनामं. बिबटेकच्या बऱ्याच शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात आणि रामन यांचं नाव लहान ‘आर’नं छापलं जातं. अशा शब्दांना नोंदीतच महिरपी कंस घाला.

शंका : मजकुरात संदर्भाच्या जागी ठळक अक्षरांत कळशब्दच छापला जातो.
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

समाधान : लाटेक, मग बीबर, मग पुन्हा दोनदा लाटेक, या क्रमानं चालवा. तरीही तसंच राहिलं तर बीबरची लॉग फाइल उघडा. न सापडलेल्या नोंदीचा कळशब्द तिथे लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक निघतो.