मुक्कामाच्या खोलीतील रात्र आणि चार्जिंगची विजेरी

क्षेत्री मुक्कामास निघणाऱ्या भाविकाने बरोबर काय घ्यावे, याच्या याद्या माहितीपुस्तिकांतून नेहमीच छापल्या जातात. नेहमीची औषधे, अंथरूण-पांघरूण, ओळखपत्र, पूजेचे वस्त्र आणि शेवटी कोठेतरी 'बॅटरी' असा एक शब्द. ती विजेरी मुक्कामाच्या खोलीत कशी वापरावी, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काय आहे, असेच आम्हांसही पुष्कळ वर्षे वाटत होते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भारनियमनाचे ते दिवस होते. आमच्या मातोश्री एका क्षेत्री यात्रिनिवासात उतरल्या होत्या. पहाटे काकड आरतीस जाण्यासाठी त्या अंधारात उठल्या. शेजारच्या खोलीतील एका सद्गृहस्थांनी त्यांना मदत व्हावी म्हणून मोठ्या आपुलकीने आपली नवी, प्रखर विजेरी त्यांच्याकडे रोखली. झोत थेट डोळ्यांत आला, डोळे दिपले आणि समोरचा उंबरठाच दिसेनासा झाला. मनगटाचे हाड मोडले आणि उरलेली यात्रा रुग्णालयात झाली. त्या गृहस्थांना आमच्याहूनही अधिक वाईट वाटले. दोष अंधाराचा नव्हता. उजेड चुकीच्या दिशेने पडला होता, एवढेच.

वयोवृद्ध भाविकांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. म्हणून वृद्धांना उजेड अधिक लागतो. परंतु दिपलेले डोळे पूर्ववत होण्यासही त्यांना अधिक वेळ लागतो. अंधाराला पूर्ण सरावण्यास तरुण डोळ्यांनाही वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एका क्षणाच्या प्रखर झोताने तो सराव मोडतो. तेव्हा हवा असतो तो पुरेसा, परंतु पसरलेला आणि मऊ उजेड.

असा उजेड आपल्याकडे एके काळी घरोघरी होता. कराडजवळच्या ओगलेवाडीस ओगले बंधूंच्या काच कारखान्यात तयार होणारा 'प्रभाकर' कंदील सातारा-सांगलीकडील जुन्या पिढीस आठवत असेल. तो कारखाना आता इतिहासजमा झाला. त्या कंदिलाची ज्योत मोठी नव्हती. पण तिचा उजेड चहूबाजूंस सारखा पडे. भिंती, जमीन, माणसांचे चेहरे असे सर्वच थोडे थोडे दिसे. विजेरीचे याच्या उलट आहे. तिच्यातील आरसा किंवा भिंग सगळा उजेड गोळा करून एकाच दिशेस फेकते. वाटेवर, पायऱ्यांवर किंवा घाटावर ते उपयोगी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र समोर एक पांढरा गोळा आणि भोवती पूर्वीहून गडद अंधार अशी स्थिती होते. खोलीत विजेरी वापरायची म्हणजे तिचा कंदील करावयाचा.

त्याची रीत सोपी आहे. विजेरी बुडावर उभी करावी आणि तिचे तोंड छताकडे करावे. छत पांढरे असेल तर तेथे पडलेला झोत पसरून संपूर्ण खोलीत खाली उतरतो. विजेरी बुडावर उभी राहत नसेल, तर रिकाम्या फुलपात्रात किंवा तांब्यात तोंड वर करून ठेवावी. फुलपात्र टेबलाच्या कडेला ठेवू नये. खोलीच्या कोपऱ्यात ठेवावे, म्हणजे दोन भिंती आणि छत अशा तिन्हींवरून उजेड परततो. झोपलेल्यांच्या उशापेक्षा ती उंच असावी किंवा पलंगाच्या आड असावी, म्हणजे तिचे तोंड कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. वाईतील जुने वाडे किंवा महाबळेश्वरकडील लाकडी तक्तपोशीच्या खोल्या यांत छत काळसर असते आणि ते उजेड गिळून टाकते. तेथे दोरीवर धुतलेला पांढरा पंचा वाळत घालावा आणि हातभर अंतरावरून त्यावर झोत सोडावा. पंचा, उपरणे किंवा कागद विजेरीच्या तोंडावर गुंडाळू नये. मोठ्या उजेडावर तिचे तोंड चांगलेच तापते.

उजेड किती लागतो, याचा अंदाजही असावा. उजेड मोजण्याचे परिमाण ल्युमेन हे आहे. एका मेणबत्तीचा उजेड सुमारे बारा ल्युमेन, तर जुन्या चाळीस वॅटच्या दिव्याचा सुमारे चारशे ल्युमेन. शंभर ल्युमेनचा झोत पांढऱ्या छतावर सोडला तर लहान खोलीत वावरण्यास, पिशवीतील वस्तू शोधण्यास आणि कपडे बदलण्यास पुरेसा उजेड होतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या तो कित्येक पट असतो. सामानाची बांधाबांध करावयाची असेल तर तीनशे ल्युमेनवर न्यावा. वाचनासाठी छताचा उजेड अपुरा पडतो. तेव्हा विजेरी आपल्या मागील भिंतीजवळ आणून भिंतीवरून परतलेला उजेड पुस्तकावर घ्यावा. रात्रभर तेवत ठेवण्यास पाच-दहा ल्युमेन पुष्कळ झाले. स्नानगृहाचे दार किंचित उघडे ठेवून आत सर्वांत मंद उजेड ठेवला, तर रात्री उठणाऱ्यास दिशा कळते आणि इतरांची झोप मोडत नाही. एका खोलीत दोन-तीन कुटुंबे उतरतात तेव्हा हा उपाय फार सोयीचा ठरतो. एकाने ट्यूबलाइट लावायची आणि आठ जणांनी उठून बसायचे, हा प्रकार टळतो.

हल्ली प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यात दिवा आहे, मग निराळी विजेरी कशाला, असे पुष्कळजण विचारतात. घटकाभराच्या कामास तो दिवा ठीक आहे. परंतु वीज गेलेल्या रात्री त्याच यंत्रावर घरी निरोप द्यावयाचा असतो, गाडी बोलवावयाची असते, आणि वृद्ध आई-वडील सोबत असतील तर वैद्यांना गाठावयाचे असते. त्याचा साठा उजेडासाठी खर्चू नये. आणि मेणबत्तीविषयी काय लिहावे? पांघरुणे, मच्छरदाणी आणि लहान मुले असलेल्या खोलीत उघडी ज्योत ठेवून झोपणे हे धाडस आहे. समईची जागा देव्हाऱ्यात आहे.

चार्जिंगच्या लहान विजेरीत बहुधा लिथियम-आयन जातीचा एक सेल असतो. अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा सेल सर्वत्र प्रचलित असून याच मापांवरून त्यास '१८६५०' म्हणतात. त्यावर लिहिलेला २६०० एमएएच हा आकडा आणि त्याचे ३.७ व्होल्ट यांचा गुणाकार केला म्हणजे साडेनऊ वॅट-तासांच्या आसपास साठा येतो. शंभर ल्युमेनसाठी साधारण एक वॅट लागतो. मधली गळती वजा जाता सात-आठ तास, म्हणजे एक पूर्ण रात्र निघते. हा हिशेब दुकानात उपयोगी पडतो. यात्रेच्या बाजारात '९९०० एमएएच' छापलेले याच मापाचे सेल सर्रास विकले जातात. चांगल्यात चांगल्या सेलमध्येही साडेतीन ते चार हजारांच्या पलीकडे साठा मावत नाही; तेव्हा असा आकडा दिसला की तेथून पुढे चालू लागावे. हजारो ल्युमेनच्या जाहिरातींनाही भुलू नये. खोलीसाठी मोठा आकडा नको, उजेड कमी-अधिक करता येणे हवे, आणि सर्वांत मंद पायरी खरोखर मंद हवी. पिवळसर उजेडाची विजेरी मिळाल्यास ती घ्यावी. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा तो रात्री डोळ्यांस सौम्य वाटतो. निळा प्रकाश देणाऱ्या ज्या शोधामुळे पांढरे एलईडी दिवे शक्य झाले, त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळ्या द्रव्याचा थर देऊन हा पांढरा उजेड साधतात, आणि थर जसा असेल तसा तो निळसर किंवा पिवळसर दिसतो.

पूर्वीच्या स्वस्त चार्जिंगच्या विजेऱ्यांत शिसे-आम्लाची बॅटरी असे. तिचा नियम असा, की वापरून झाली की पूर्ण भरून ठेवावी. रिकामी ठेवल्यास ती कायमची बिघडते. लिथियमच्या सेलचे निराळे आहे. तो महिनोन्महिने कपाटात ठेवावयाचा तर निम्मा भरून थंड जागी ठेवावा आणि यात्रेस निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भरावा. देणगीदारांनी मोठ्या श्रद्धेने यात्रिनिवासांस दिलेल्या डझनावारी विजेऱ्या वर्षभरात निकामी होतात, त्यास बहुधा हेच अज्ञान कारणीभूत असते. या निमित्ताने देणगीदारांस विनंती, की विजेऱ्या देण्याची इच्छा असल्यास प्रत्येक खोलीच्या उशाशी विजेचा एक खटका आणि चार्जिंगचे एक जादा ठिकाण करून द्यावे. त्याने भाविकांची सोय अधिक होईल.

सातारा-सांगलीकडे मुक्काम करताना ठिकाणानुसार थोडी निराळी काळजी घ्यावी लागते. महाबळेश्वर, क्षेत्र महाबळेश्वर आणि सज्जनगड येथे पावसाळ्यात दिवस-दिवस धुके राहते. धुक्यात प्रखर झोत पाण्याच्या कणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. म्हणून पायऱ्यांवर उजेड मंद करून विजेरी कमरेच्या खाली, जमिनीकडे तोंड करून धरावी. विजेरीवर 'आयपीएक्स-४' असे असल्यास शिंतोडे सोसते, 'आयपीएक्स-७' असल्यास मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. मात्र चार्जिंगच्या भोकाचे रबरी बूच नीट बसलेले हवे. गोंदवल्यास श्रीमहाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव मार्गशीर्षात येतो. त्या दिवसांत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, तेव्हा पहाटे उठणाऱ्यास दोन-अडीच तास अंधारातच आवराआवर करावी लागते. शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रातली. माणदेशच्या त्या उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ विजेरी ठेवणे म्हणजे सेलचे आयुष्य आपल्या हातांनी कमी करणे होय.

कृष्णाकाठचे निराळे. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने सांगली आणि नदीकाठची गावे वेढली गेली. अशा वेळी पाण्यात बुडालेल्या तारांतून धोका होऊ नये म्हणून वीजपुरवठा मुद्दाम बंद करावा लागतो आणि तो पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागू शकतात. श्रावण-भाद्रपदात औदुंबर किंवा हरिपूर येथे उतरणाऱ्यांनी नदीचे पाणी वाढत असल्याचे कळताच विजेरी आणि फोन दोन्ही लगेच भरून घ्यावेत. मग एका दिवसाचा साठा तीन दिवस पुरवावा.

कोयनेच्या खोऱ्यात तर विजेरी पलंगाशी ठेवण्याची सवयच असावी. या खोऱ्याचे पाणी राज्याला वीज देते; याच खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. माणसे झोपेत होती आणि बाहेर अंधार होता. लहानसहान धक्के त्या भागात आजही जाणवतात. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी विजेरी आणि चपला अशा जागी ठेवाव्यात, की डोळे न उघडता हात पोहोचेल. पिशवीच्या तळाशी असलेली विजेरी अंधारात शोधण्यास दुसरी विजेरी लागते.

चार्जिंग शक्यतो दिवसा, आपण खोलीत असताना करावे. अंथरुणावर किंवा उशीखाली ठेवून करू नये. सेल फुगलेला किंवा चेपलेला दिसल्यास तो वापरू नये. विमानाने येणाऱ्यांनी सुटे सेल हातातील पिशवीतच ठेवावेत. सामानकक्षात देण्याच्या बॅगेत त्यांस परवानगी नसते. प्रवासात बटण आपोआप दाबले जाऊन कपडे भाजू नयेत म्हणून विजेरीचे मागचे टोपण अर्धा वेढा सैल करून ठेवावे. पुष्कळ विजेऱ्या तेवढ्याने बंद राहतात. शहरांतील हॉटेलांत आणखी एक गंमत असते. किल्लीचे कार्ड खाचेत असेपर्यंतच खोलीत वीज राहते. विजेरी चार्जिंगला लावून, कार्ड काढून आपण दर्शनास जातो आणि परत येऊन पाहावे तो ती तशीच रिकामी! खोलीतील कोणते ठिकाण कार्डावाचून चालू राहते, हे व्यवस्थापकास आधीच विचारावे.

खोली सोडताना विजेरी एकदा पलंगाखाली आणि कपाटाच्या मागे आडवी धरून फिरवावी. जमिनीलगत आडव्या पडलेल्या उजेडात जपमाळेचा मणी, कानातले, औषधाची गोळी अशा लहान वस्तूंच्या लांब सावल्या पडतात आणि त्या सहज दिसतात. शेवटी भिंतीवरील चार्जिंगच्या ठिकाणाकडे पाहावे. आमच्या कार्यालयातील कपाटात भाविकांनी विसरलेल्या चार्जिंगच्या वायरींचा एक डबा आहे. ओळख पटवून आपली वायर कार्यालयीन वेळेत घेऊन जावी.