जुनें घर घेण्यापूर्वीं तें कसें पाहावें

मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून नागपुरांत, लकडगंजासारख्या जुन्या वस्तींत, घर विकत घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत. अशा वेळीं आमचे बंधू आखीव पत्रिका व बोजा बारकाईनें तपासतात. महसूल खात्यांत हयात गेली असल्यामुळें आम्हांस त्याचें समाधानच वाटतें. परंतु ज्या भिंतींवर जन्माची मिळकत लावावयाची, त्यांचा नवा रंग पाहूनच ते परत येतात.

प्रथम जमीन पाहावी. काळी माती पावसाळ्यांत फुगते व वैशाखांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात, हें वाचकांस सांगावयास नको. तीच माती घराखालीं असली म्हणजे जोतें दरवर्षीं खालवर होतें. कडेची माती आधीं वाळत असल्यामुळें बहुधा कोपरा खचतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी निघालेली व विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी भेग ही त्याचीच खूण होय. गिलाव्यावरील केंसाएवढ्या भेगांस भिऊं नये. जी भिंतीच्या दोन्ही अंगांस दिसते व एका टोंकास रुंद असते, तिला भ्यावें. तिच्यावर कांचेची पातळ पट्टी दोन्ही कडांस पक्की बसवून तारीख लिहावी. कांच तडकली म्हणजे भिंत अजून हालत आहे. यास कांहीं महिने लागतात आणि विकणारा घाई करतो. तेव्हां निदान भर उन्हाळ्यांत एकदां व मुसळधार पावसांत एकदां घर पाहावेंच.

लकडगंज म्हणजे लांकडाच्या वखारी व आरागिरण्या. त्या शेजारामुळें ‘सारा साग आहे’ असें हमखास सांगण्यांत येतें. साग खरा, पण त्याचा गाभा कीं बाहेरचें पांढुरकें लांकूड? गाभ्यास वाळवी सहसा लागत नाहीं; पांढुरकें लांकूड ती खाते. तुळई मध्यावर ठोकून फारसें कळत नाहीं. ती भिंतींत शिरते त्या ठिकाणीं ओल राहाते. तेथें पोतीं शिवण्याचें दाभण टोंचावें. सहज आंत गेलें तर ती तुळई निकामी समजावी. आढें मध्यें वांकलें असल्यास ओळंबा लावून पाहावा. वासे भिंतींस बाहेर रेटीत असतात.

दगड-मातीच्या घरांविषयीं अधिक सावध राहावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं. तेथील भिंती जाड होत्या, पण दोन अंगांमध्यें नुसती भर होती. दोन्ही अंगें बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि धाब्यावर मातीचे थर चढत गेले होते. अनेक ठिकाणीं लांकडी खण उभे राहिले व भिंती मात्र कोसळल्या. म्हणून जाडीस भुलूं नये. भिंतीचें पोट सुटलें आहे काय, तें पाहावें.

भिंतीच्या पायथ्याशीं लोणा लागला असेल व त्यावर नुकताच सिमेंटचा गिलावा केला असेल, तर तो दोष झांकण्याकरितां आहे असेंच समजावें. ओल त्याच्या वरून पुन्हां निघते. स्लॅबच्या छतास तांबूस डाग असल्यास आंतील सळया गंजत आहेत.

पाहाणीस आपला गवंडी न्यावा, विकणाऱ्यानें आणलेला नको. त्याची मजुरी सौद्यापूर्वींच चुकती करावी, म्हणजे सौदा मोडण्याविषयीं त्यास संकोच राहात नाहीं.