योजना जनरल शिफ्टची, अपघात रात्रपाळीचा

8 मार्च 2018, रात्री अकराच्या पुढे. 11 जानेवारी 2020, शनिवारची संध्याकाळ, सात वाजून गेलेले. 17 ऑगस्ट 2020, पुन्हा संध्याकाळच. 4 सप्टेंबर 2021, पहाटे सहाच्या सुमारास. 26 ऑक्टोबर 2022, दुपारी चारनंतर, पण दिवस भाऊबीजेचा. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत हादरवणाऱ्या पाच स्फोटांच्या या वेळा. पहिल्यात तीन माणसे गेली, दुसऱ्यात कोळवड्याजवळ आठ, भाऊबीजेच्या दिवशी तीन.

याच वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचे मॉक ड्रिलचे रजिस्टर उघडून पाहिले, तर तारखा बदलतात, वेळ फारशी बदलत नाही. सकाळी अकरा ते बारा. जनरल शिफ्ट भरलेली, फॅक्टरी मॅनेजर हजर, फायर हायड्रंटजवळ माणूस आधीच उभा, ‘जखमी’ कोण होणार ते आदल्या दिवशी ठरलेले. सायरन वाजतो, चार-पाच मिनिटांत सगळे असेंब्ली पॉइंटला पोहोचतात, फोटो निघतात, अहवाल तयार होतो. त्या अहवालात खोटे काही नसते. पण रात्री दोन वाजता तोच कारखाना कसा वागेल, हे त्यातून कळत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे. भोपाळमध्ये वायू सुटला तो 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक उद्योगांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनी कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना सक्तीची केली आणि तिची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायला सांगितले. कुंपणाबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाची, तिची तालीम वर्षातून एकदा. 1996 च्या नियमांनी जिल्ह्यात आणि स्थानिक पातळीवर क्रायसिस ग्रुप आणले. तालीम किती वाजता घ्यावी, हे मात्र या नियमांत नाही. ते सेफ्टी खात्याने ठरवायचे असते.

प्रस्तुत लेखकाची नोकरी याच पट्ट्यातल्या सेफ्टी खात्यात झाली. त्या काळातली एक रात्र इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिने योजनेतली जवळजवळ प्रत्येक फट उघडी केली. त्या रात्री कोणी दगावले नाही, एवढे आधीच सांगितलेले बरे.

थंडीचे दिवस, अकरा ते सातची पाळी. ओलियमच्या लाइनवरचे एक गॅस्केट गेले. ओलियम हवेतल्या दमटपणाला भेटले की पांढरा, दाट, घसा कापणारा धूर होतो. त्या रात्री दव होते, त्यामुळे धूर जमिनीलगत पसरत गेला. ऑपरेटरने सायरन दिला. योजनेप्रमाणे सगळे मेन गेटजवळच्या असेंब्ली पॉइंटकडे निघाले, आणि धूरही तिकडेच निघाला.

याचे कारण पाचवी-सहावीच्या भूगोलात आहे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. बोईसर समुद्रापासून काही किलोमीटरवर आहे. पावसाळा सोडला तर निरभ्र दिवसांत ही अदलाबदल इथे स्पष्ट जाणवते. मेन गेट पश्चिमेला होते. दुपारच्या वाऱ्यात ती जागा अगदी योग्य, कारण धूर पूर्वेकडे जाणार. रात्री वारा फिरला की तीच जागा सगळ्यात वाईट. विंड सॉक छतावर होता, पण त्यावर दिवा नव्हता. काळोखात तो कोणाला दिसला नाही. शिफ्ट इनचार्ज नवखा असूनही भानावर होता. त्याने धूर डोळ्यांनी पाहिला, माणसे माघारी फिरवली आणि मागच्या कंपाउंडकडे नेली. तिथे गेट नव्हते. ड्रम रचून, भिंतीवरची तार वाकवून माणसे पलीकडच्या प्लॉटमध्ये उतरली.

मग मोजणी. मस्टरप्रमाणे कंपनीचे कामगार पूर्ण होते. ठेकेदाराच्या माणसांची यादी ठेकेदाराच्या मुकादमाकडे, आणि मुकादम संध्याकाळीच घरी गेलेला. गेटवरच्या रखवालदाराला तेवढ्यात आठवले की यार्डात टँकर उभा आहे. संध्याकाळी आलेला, सकाळी खाली होणारा. गेटच्या वहीत टँकरचा नंबर होता, आतल्या माणसांची नोंद नव्हती. ड्रायव्हर टँकरच्या खाली झोळी बांधून झोपला होता, क्लीनर केबिनमध्ये. रखवालदाराने रात्री त्यांना प्यायला पाणी दिले होते, म्हणून त्याला ते माहीत. श्वसनसंच लावलेल्या दोघांनी जाऊन त्यांना उठवून आणले. ते दोघे वाचले ते त्या पाण्याच्या बाटलीमुळे. आपत्कालीन योजनेच्या जाडजूड फाइलमध्ये त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती.

ती फाइल कन्सल्टंटने करून दिलेली होती. आपल्याकडे हा धंदा असाच चालतो: एक साचा, त्यात नाव-पत्ता-रसायने बदलायची. एका पानावर दुसऱ्याच कारखान्याच्या बॉयलरची क्षमता तशीच राहिली होती. घटनेच्या वेळी ती फाइल ऑफिसच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली विरारला.

विरारचा उल्लेख ओघात आलेला नाही. तारापूरच्या कारखान्यांतले कितीतरी मॅनेजर, क्वालिटी आणि मेन्टेनन्सचे प्रमुख विरार, वसई, बोरिवलीहून सकाळच्या गाडीने येतात आणि संध्याकाळी परततात. योजनेत ‘साइट मेन कंट्रोलर’ म्हणून नाव त्यांचे असते. रात्री त्यांना फोन लागला तरी पोहोचायला दीड-दोन तास. पावसाळ्यात तेही नाही: जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले तेव्हा पश्चिम रेल्वे ठप्प झाली, आणि 26 जुलै 2005 ची आठवण तर प्रत्येक घरात आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्याही बंद आणि फोनही. म्हणून योजनेतले पहिले नाव पाळीवर असलेल्या माणसाचे हवे. प्लँट बंद करण्याचा, शेजाऱ्यांना कळवण्याचा, अग्निशमन दलाला बोलावण्याचा अधिकार शिफ्ट इनचार्जला लेखी द्यावा. ‘साहेबांना विचारतो’ यात जातात ती मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. बॅच वाया गेली म्हणून त्याच्यावर नंतर ठपका येणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. नाहीतर अधिकार असूनही तो वापरणार नाही.

मोजणीचा उपाय फार साधा आहे. गेटवर एक बोर्ड, त्यावर खिळे, आत जाणाऱ्या प्रत्येकाचे टोकन: कामगार, ठेकेदाराचा हेल्पर, टँकरचा ड्रायव्हर, क्लीनर, कँटीनचा पोऱ्या, सगळ्यांचे. वीज गेली, सर्व्हर पडला तरी बोर्ड वाचता येतो. बायोमेट्रिक हजेरी पगारासाठी चांगली आहे, पण तिचे मशीन ज्या इमारतीत आहे तीच रिकामी करायची वेळ आली तर आकडा काढणार कुठून?

वायूच्या बाबतीत एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. 21 ऑगस्ट 2025 रोजी बोईसरच्या एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगारांचा जीव गेला. ती वेळ दुपारची होती, म्हणजे दिवसही सुरक्षित नाही. अशा घटनांत सोबत्याला पडलेला पाहून दुसरा धावतो, मग तिसरा. आपल्याकडची माणुसकीच तशी आहे, आणि तीच जिवावर उठते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही; तो हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही, साध्या मास्कचाही नाही. पाठीवर हवेची टाकी असलेला श्वसनसंच लावल्याशिवाय आत जायचे नाही, आणि तो संच रात्रपाळीतल्या किमान दोघांना अंधारातही लावता आला पाहिजे. हे हिंदीत, भोजपुरीत, उडियात सांगावे लागते, कारण रात्री रिअॅक्टरजवळ उभा असलेला मुलगा बहुधा तिकडचा असतो. इंग्रजीतला लॅमिनेटेड चार्ट त्याच्यासाठी नुसती भिंतीची शोभा.

याच परिसरात तालमीची दुसरी रीतही आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. तिथल्या सरावांची उतरंड ठरलेली: केंद्राच्या आतला सराव दर तीन महिन्यांनी, संपूर्ण आवाराचा वर्षातून एकदा, आणि 16 किलोमीटरच्या परिघातल्या गावांना धरून जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली दोन वर्षांतून एकदा. त्या परिघात एमआयडीसीही येते. रसायन कारखान्यांना एवढा पसारा झेपणार नाही, पण लहान सराव वारंवार आणि मोठा क्वचित, ही रीत कोणालाही उचलता येईल.

सरावाने काय होते याचे जगातले ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला यांनी 1993 च्या बाँबस्फोटानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांकडून दर तीन महिन्यांनी जिने उतरण्याचा सराव करून घेतला. कामाचा खोळंबा होतो म्हणून लोक वैतागत, वरिष्ठही कुरकुरत. 11 सप्टेंबर 2001 रोजी त्या कंपनीचे सुमारे 2,700 कर्मचारी बाहेर पडू शकले. राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेलेले रेस्कोर्ला परतले नाहीत.

पालघरमध्ये धोके एका जातीचे नाहीत. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 च्या धक्क्यांत घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची मुलगी दगावली. मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज भरकटत पालघरच्या वडराई किनाऱ्याशी येऊन अडकला, त्यावरच्या 137 जणांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. आगीत लगेच बाहेर पडायचे, वायूत वाऱ्याच्या आडव्या दिशेने हटून मग वाऱ्याच्या उगमाकडे जायचे, भूकंपात आधी टेबलाखाली डोके झाकायचे. एकाच सायरनवर हे तिन्ही अर्थ लादता येत नाहीत. सायरनचे सूर वेगळे ठेवा आणि ते वाजवून दाखवा.

राहिला धंद्याचा प्रश्न. स्फोटात इमारत वाचली तरी काम थांबते: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या परवानगीशिवाय प्लँट पुन्हा सुरू होत नाही. तेव्हा विम्याची कागदपत्रे, ड्रॉइंग, बॅच रेकॉर्ड, ग्राहकांचे करार लागतात. लहान कारखान्यात हे सगळे एकाच ऑफिसात आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असते. 2011 मध्ये फुकुशिमात मुख्य वीज गेली, तेव्हा चालू झालेले डिझेल जनरेटर खालच्या मजल्यांवर होते आणि त्सुनामीचे पाणी तिथेच शिरले. बॅकअप किमान बोईसरच्या बाहेर असावा. पगाराचे पैसे दोन महिने कुठून येतील, एखादे इंटरमीडिएट तात्पुरते कोण बनवून देईल, हे शांत वेळी बोलून ठेवावे. आणि शेजारच्या प्लॉटवर काय साठवले आहे, हे विचारायला लाजू नये. 2018 च्या त्या रात्री आग एका कुंपणात थांबली नाही, आजूबाजूच्या कारखान्यांनाही तिची झळ बसली होती.

सेफ्टीत काम करणाऱ्यांना एवढेच सांगणे: पुढची तालीम रात्री बारानंतर, न कळवता, शक्यतो सणाच्या आठवड्यात घ्या. ती फसेल. अहवालात ती फसलेलीच लिहा आणि मॅनेजमेंटपुढे ठेवा.

आणि सालवड, कोळवडे, कुंभवली, पास्थळ, सरावलीच्या रहिवाशांसाठी एक विनंती. कारखान्यातल्या मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना धोका काय आणि तेव्हा काय करायचे हे आधी कळवणे, हे 1989 च्या नियमांनी कारखानदारावर बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. जवळच्या कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला बोलवा आणि विचारा, रात्री सायरन वाजला तर मुलाबाळांना घेऊन नेमके कोणत्या रस्त्याने निघायचे.